टेकसर

इंग्रजीत एकूण शब्द किती, याची मला कल्पना नाही. मी गणिताचा माणूस, मोजायला बसवलं तर मोजीनही. पण शिकलगार सरांच्या मते मोजायची गरजच नव्हती. त्यांच्या हिशेबी एक शब्द पुरेसा होता. "माने, पोराला 'टेक' आला की त्याचं इंग्रजीवाचून अडत नाही," असं ते मला सांगायचे, आणि पाचवीच्या नव्या पोरांचा अख्खा जून आणि अर्धा जुलै त्या एका शब्दावर घालवायचे. दुसऱ्या शाळांतली पोरं तोवर कॅट, रॅट, हॅट करत पुस्तकात बरीच पुढे गेलेली असत. आमच्या पोरांचं पुस्तक मात्र कोरं करकरीत.

कवठे महांकाळच्या आमच्या हायस्कुलात त्यांची पाचवी आणि माझी आठवी यांच्यामध्ये तट्ट्याची भिंत होती. त्यामुळे माझी पोरं समीकरणं सोडवता सोडवता 'टेक' शिकली आणि नाइलाजाने मीही शिकलो. सर वर्गात छत्री घेऊन यायचे. कवठे महांकाळात छत्री म्हणजे चेष्टाच. दुष्काळ नुकता सरला होता, आणि एरवीही आमच्याकडे पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा, चहा न घेता जायचा. सर छत्री टेबलावर ठेवत आणि एखाद्याला उठवत. 'टेक द अम्ब्रेला.' पोरगं छत्री घेई. 'टेक ऑफ युवर कॅप.' टोपी काढी. 'टेक अ सीट.' बसे. मग सर विचारत, "छत्री घेतली, टोपी काढली, खाली बसला. कामं तीन झाली. शब्द किती?" "एऽक!" असं सगळी पाचवी ओरडे, आणि तिच्यासोबत माझ्या आठवीतली दोन-चार गाढवंही.

घरचा अभ्यास काय, तर आपल्या मराठीतला 'घेणे' शोधून आणायचा. पोरं रोज नवी चीज आणत. झोप घेणे, शपथ घेणे, वळण घेणे, फिरकी घेणे. एकदा एकानं उभं राहून सांगितलं, "सर, काल आमच्या आयनं बाबास्नी फैलावर घेटलं." सर इतके हसले की खुर्चीत बसले. मग एकदम ताडकन उठून म्हणाले, "अरे, हे तर साहेबाकडंपण आहे! टेक टू टास्क! म्हणजे साहेबाची आईपण घेत होती तर!" त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्हा प्रत्येकाला गाठून त्यांनी ही बातमी दिली. घरात कुणाला नोकरी लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

'टेक प्लेस'चा अर्थ विचारला तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "यष्टीत रुमाल टाकनं." आता यात चुकीचं काय आहे? आमच्याकडे एस.टी. लागली की खिडकीतून आधी रुमाल जातो, मग दारातून माणूस. रुमाल ज्याचा, जागा त्याची. सरांनी त्या पोराची पाठ थोपटली आणि मग खरा अर्थ सांगितला, घडणे. मात्र स्वतः त्यांनी जन्मात कधी रुमाल टाकला नाही. शनिवारी घरी मिरजेला जायचे ते दांड्याला धरून उभे, सोमवारी परतायचे ते उभेच. मी त्यांच्यासाठी जागा धरली तर शेजारच्या बाईला बसवून मोकळे.

हीच तर त्यांच्यातली गंमत होती. सगळ्या तालुक्याला 'घेणे' शिकवणारा हा माणूस स्वतः कुणाचं काही घेत नसे. पोरांनी नाव ठेवलं होतं 'टेकसर', आणि आम्ही शिक्षकांच्या खोलीत चहा पुढे करून म्हणायचो, "काय टेकसर, टेक टी?" तर ठरलेलं उत्तर, "आत्ताच घेतला." कुठे घेतला, ते विचारायची सोय नव्हती. सायकलवर डबलसीट घेतो म्हटलं तर म्हणत, चालणं बरं असतं. गावात पूजेचं, लग्नाचं, ईदेचं आमंत्रण असो, जाणार, बसणार, सगळ्यांची चौकशी करणार आणि पानावर बसायच्या आधी गायब.

एकदा मी चिडूनच कारण विचारलं. ते म्हणाले, "आमचं काम धार लावायचं. अब्बा चाक घेऊन मिरजभर हिंडायचे. घरात नेहमी लोकांच्या सुऱ्या, कात्र्या, विळ्या पडलेल्या. अब्बांनी आम्हाला एकच शिकवलं, सुरी दुसऱ्याची, धार तेवढी आपली. वस्तूला हात लावायचा, ठेवून घ्यायची नाही. ती सवय लागली ती लागली." मग थोडं थांबून वर्गाकडे बोट करत म्हणाले, "हीपण तसलीच. पोरं दुसऱ्याची, धार तेवढी आपली."

आता त्यांच्या लाजेविषयी सांगायला हवं, कारण शिकलगार सर म्हणजे निम्मे 'टेक' आणि निम्मी लाज. उंच, सडपातळ माणूस, अंगात पांढरा शर्ट-पायजमा आणि दोन्ही बाजूंना मोठे कान. काही लाजिरवाणं घडलं की पहिल्यांदा ते कान लाल होत. बरं, ते घडलेलं त्यांनी केलेलं असायला हवं, असंही नाही. कुणी शिक्षकानं पोराला गुरासारखं मारलं, कुणी रजेसाठी जिवंत आजीला तिसऱ्यांदा मारलं, की कान यांचे लाल. मग ते उठून व्हरांड्यातल्या माठाकडे जात आणि पाणी पीत उभे राहत. आमच्यात म्हणच पडली होती, शिकलगार पाण्याला गेला म्हणजे कुणीतरी लाज सोडली.

दुसऱ्याची लाज राखायचीही त्यांची एक रीत होती. वर्गात एखादं पोर अडलं की ते म्हणत, "टेक युवर टाइम, बाळ," आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहत. पोराला सवड हवी असेल तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसू नये, असं त्यांचं मत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाभूळ आणि खूप ऊन.

त्या वर्षी पाचवीत शालन नावाची मुलगी होती. तिचे वडील ज्ञानू हवालदार फौजेतून निवृत्त होऊन वस्तीवर राहत. पोरगी हुशार, आणि डावरी. म्हणजे जेवायची उजव्या हाताने, कारण तेवढं मारून मुटकून शिकवलं होतं. पण पेन्सिल हातात आली की ती डाव्या हातात. घरी मार, शाळेत मार. माझ्यासकट बहुतेकांनी तिच्या बोटांवर पट्टी ओढलेली. शिकलगार सरांनी एवढंच केलं, की तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. कोपर शेजारणीला लागायचं थांबलं. तिचं अक्षर सुधारलं आणि 'टेक'ची उत्तरं द्यायला तिचा हात सगळ्यांच्या आधी वर जाऊ लागला.

हिवाळ्यात शाळेची तपासणी आली. तपासणी म्हणजे काय, ते ज्याने शाळेत नोकरी केली त्यालाच कळेल. भिंतींना चुना, पोरांना तेल आणि शिक्षकांना घाम. आमचे हेडसर या बाबतीत मुरलेले होते. पाठ चालू असताना साहेबांना सगळ्या वर्गाचे हात वर दिसले पाहिजेत, हा त्यांचा नियम, आणि त्यासाठीची युक्ती महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांना ठाऊक होती. ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. शिक्षकानं उजव्या हातवाल्यालाच उठवायचं. साहेब खूश, शाळा खूश.

पाचवीच्या पोरांना डावं-उजवं पटकन कळेना. तेव्हा हेडसरांनी सोपं करून सांगितलं, "लिहायचा हात वर केला की येतंय. दुसरा केला की येत नाही. कळलं?" "व्हय, सर!" वर्ग ओरडला. शिकलगार सर माठाकडे गेले होते. परत आले, तोवर हेडसर पुढच्या वर्गात होते.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी नेमका 'टेक'चा पाठ बघायला घेतला. हेडसर साहेबांच्या शेजारी, आम्ही तीन-चार शिक्षक मागच्या भिंतीला टेकून उभे. सर रंगात आले होते. छत्री झाली, टोपी झाली, फैलावर घेणारी आई झाली, साहेब मोठ्याने हसले. आणि खुशीत येऊन त्यांनी स्वतःच एक प्रश्न टाकला. "शी टेक्स आफ्टर हर मदर. याचा अर्थ?" म्हणजे ती आईवर गेली आहे, पण हे काही अजून शिकवलेलं नव्हतं. तरी सगळ्या वर्गाचे हात वर. डावे! मागून आम्हाला साफ दिसत होतं. त्या सगळ्या डाव्या हातांत एकच उजवा. शालनचा.

सरांचा जीव भांड्यात पडला असावा. "शालन, तू सांग."

ती दचकली. उठली. हात तसाच वर. सर सवयीने म्हणाले, "टेक युवर टाइम, बाळ," आणि खिडकीकडे तोंड केलं.

साहेबांना वेळ नव्हता. "अगं, हात वर केलास ना? सांग मग."

"मला येत न्हाई."

"येत नाही, तर हात कशाला वर केलास?"

"येत न्हाई म्हनूनच केला, सायेब. येत आसलं तर लिवायचा हात वर करायचा, आसं हेडसरांनी सांगितलंय. माजा लिवायचा ह्यो हाय." आणि तिने तो दाखवला.

वर्गातले बाकीचे हात अजून वरच होते. साहेबांनी पुढच्या बाकावरच्या पोराला विचारलं, "तुला येतं का रे?" "न्हाई, सायेब," पोर प्रामाणिकपणे म्हणालं. मग एकेक हात खाली यायला लागला. काय ते दृश्य! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. हेडसर मात्र तसल्या मातीचे नव्हते. "खोटं बोलते ती," ते करड्या आवाजात म्हणाले. "मी असलं काही सांगितलेलं नाही."

शालनने शिकलगार सरांकडे बघितलं. सगळ्या वर्गाने बघितलं. सरांचे कान लालभडक झाले होते. ते म्हणाले, "साहेब, युक्ती माझी आहे. मीच सांगितलं होतं. हेडसरांचं नाव तिनं चुकून घेतलं."

साहेब निघून गेले. शिक्षकांच्या खोलीत मात्र शिकलगारांचं कौतुक सुरू झालं. एक जण म्हणाला, "वा! टेक द ब्लेम! सगळं अंगावर घेतलंत!" सरांनी वर बघितलं नाही. ते म्हणाले, "अंगावर घेतलं नाही. तिच्या अंगावर टाकलं. पोरगी खरं बोलली होती, आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर चुकीची ठरवलं." त्या दिवशी ते माठाकडे गेले नाहीत. नुसते बसून राहिले. मग मला म्हणाले, "ती डावरी आहे, हे सगळ्यात जास्त मला ठाऊक, माने. तिला बाकाच्या टोकाला मीच बसवलं. पण त्या वेळी मी पोरीकडं बघतच नव्हतो. नुसते हात बघत होतो."

दुसऱ्या दिवशी शालन आली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की हवालदार तिचं नाव काढणार. त्या शनिवारी सर मिरजेला गेले नाहीत. रविवारी "येता का जरा?" एवढंच मला म्हणाले. दोघं चालत वस्तीवर गेलो.

हवालदार अंगणात उभेच होते. फौज सोडून काही वर्षं झाली तरी माणूस ताठ. "या, सर. शाळंत येनारच हुतो नाव काढायला. तुमी कशापायी तरास घेतला?" आम्हाला बाजेवर बसवलं आणि त्यांनी तोंड सोडलं. "आवं, उभी हयात पलटनीत काढली, कुना सायबाम्होरं लेफ्ट-राइट चुकलं न्हाई. आन माज्या पोरीला डावं-उजवं कळंना? वर हेडसरांचं खोटं नाव घेती! पार नाक कापलं. बास झाली तिची शाळा."

शालन दाराआड उभी होती. सर बाजेवरून उठले.

"हवालदारसाहेब, पलटणीत हुकूम आला, आणि जवानानं तो शब्दन् शब्द पाळला, तर चूक कुणाची?"

"जवानाची कशी आसंल? हुकूम देनाऱ्याची."

"हुकूम होता, येतं त्यानं लिहायचा हात वर करा, येत नाही त्यानं दुसरा. शालन कुठल्या हातानं लिहिते?"

हवालदारांचा आवाज उतरला. मग म्हणाले, "डावरी हाय. लय मारलं, सुदरंना."

"म्हणजे तिनं हुकूम पाळला. तिला येत नव्हतं, तिनं दुसरा हात वर केला. चूक तिची नाही."

"त्ये ऱ्हाऊ द्या. आन हेडसरांचं नाव घेतलं, त्ये?"

माझी अशी समजूत होती, की इथे सर काहीतरी गोलमाल बोलून वेळ मारून नेतील. कुणीही नेली असती. सर दाराकडे बघून बोलले, हवालदारांकडे बघून नाही. "तिनं खरं सांगितलं. हुकूम हेडसरांचाच होता, आणि तो मी वर्गात चालू दिला. साहेबांसमोर खोटं बोललो तो मी."

"तुमी? मास्तर मानूस..." हवालदार म्हणाले.

"हो," सर म्हणाले. "मास्तर माणूस."

एवढा मोठा माणूस शाळकरी पोरासारखा मान खाली घालून अंगणात उभा होता, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांच्याच रीतीने मी दुसरीकडे बघत बसलो. मग आतून चहा आला. हवालदारांनी कपबशी पुढे केली. "च्या घ्या, सर."

"मी कुणाकडं घेत नाही," सर म्हणाले. "पण शालनला उद्या पाठवतो म्हणा, घेतो."

"आवं, च्या काय सौदा करून घ्यायचा आसतो व्हय?" हवालदार पहिल्यांदाच जरा सैल झाले. "घ्या तुमी. पाठवतो."

सरांनी चहा घेतला. दुसऱ्याच्या घरचा चहा त्यांना घेताना मी प्रथमच बघितलं. बशीत ओतताना थोडा पायजम्यावर सांडला.

शालन शाळेत आली. पण हात वर करायची ती कायमची थांबली. डावा नाही, उजवा नाही. विचारलं तर उठून बरोबर उत्तर द्यायची. आपण होऊन मात्र कधी नाही. सरांनी वर्गाचा नियमच उलटा केला, ज्याला येत नाही त्यानंच हात वर करायचा, कुठलाही. पोरांची चैन झाली. येत नाही म्हणून बिनदिक्कत हात वर जायचे आणि सर खुशीत म्हणायचे, "ये, तुझ्यापासून सुरू करू." शालनचे हात बाकावरच. "टेक युवर टाइम," सर म्हणत आणि खिडकीबाहेर बघत. तट्ट्यापलीकडून मला ते ऐकू यायचं, आणि माझी फळ्यावरची बेरीज चुकायची.

पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. आमच्या संस्थेच्या शाळा साताऱ्यापासून सांगलीपर्यंत पसरलेल्या. कुणी नकोसा झाला की त्याला दुसऱ्या टोकाला टाकायचा. शिकलगारांना साताऱ्याकडचं मेढा मिळालं. गंमत म्हणजे बदली घडवून आणली ती हवालदारांच्या कौतुकाने. "मास्तर आसावा तर आसा, पोरीम्होरं चूक कबूल केली," असं ते चावडीवर, दुकानात, जिथे तिथे सांगत सुटले, आणि हुकूम हेडसरांचाच होता, हेही त्याबरोबर फिरत फिरत हेडसरांच्या कानावर गेलं. निरोप समारंभ झाला नाही. सरांनी नको म्हटलं, आणि आम्हीही आग्रह केला नाही. जाताना म्हणाले, "टेक लीव्ह म्हणजे रजा घेणं, तेवढं शिकवून झालं. निरोप घेणं राहिलं. तुम्ही सांगा पोरांना."

पुन्हा भेट झाली ती शालनचा दहावीचा निकाल लागला त्या वर्षी. संस्थेच्या कामाला साताऱ्याला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून मेढ्याला गेलो. चहूकडे डोंगर आणि रिपरिप पाऊस. इथे सरांची ती छत्री कामाची होती. कान तेवढेच मोठे, केस मात्र पांढरे झालेले. शाळा सुटल्यावर मला सोडायला स्टँडवर आले. हेडसरांची चौकशी केली, बाभळीचीही केली. एस.टी. लागली, मी रुमाल टाकून आलो, तरी खरं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाले, "शालन?"

"दहावी झाली. केंद्रात पहिली."

कान लाल व्हायला लागले. "आणि हात? वर करते?"

माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. "नाही."

त्यांनी मान हलवली आणि डोंगराकडे बघत राहिले. मी पिशवीतून पुडी काढली. "तिनं पेढा दिलाय, तुमच्यासाठी."

"नको, नको. तुम्ही घरी..." जुनी सवय.

"निरोपपण आहे. ती म्हणाली, 'सरांस्नी म्हनावं, डाव्या हातानं घ्या.'"

आपल्याकडे पेढा डाव्या हाताने कुणी घेत नाही. दोन वर्षांच्या पोरानं डावा हात पुढे केला तरी चापटी बसते. सर माझ्याकडे बघत राहिले. डाव्या हातात उघडी छत्री होती. ती त्यांनी उजव्या हातात घेतली. मग डावा हात पुढे केला, अगदी हळू, छडी घ्यायला करतात तसा. मी त्यावर पेढा ठेवला.

कंडक्टरने घंटा दिली. मी धावत जाऊन माझ्या रुमालावर बसलो आणि खिडकीतून बघितलं. सर तिथेच उभे होते. पेढा खाल्ला नव्हता. हात तसाच पुढे होता, आणि पेढा भिजू नये म्हणून छत्री त्यांनी त्या हातावर धरली होती. ते स्वतः भिजत होते.